तेरा नंबरच्या खुर्चीतली वाघीण

पूजेत मांडायचं डुकराचं मुंडकं हसरंच पाहिजे, असा गुमसुन मावशीचा हट्ट होता. तेबेकच्या बाजारातल्या खाटकानं तिला एकामागून एक सहा मुंडकी दाखवली. सहाव्याच्या चेहऱ्यावर नुकतीच बढती मिळाल्यासारखं समाधान होतं. तेच तिनं उचललं. आता ते तिच्या पीसीबांगच्या, म्हणजे तासावर संगणक खेळायच्या दुकानाच्या, काउंटरवर, रामेन शेवयांच्या पातेल्याशेजारी, तबकात बसून गर्दीकडे बघत होतं.

आणि गर्दी तरी किती! तळघरातलं दुकान, पंधरा संगणक, पंधरा खुर्च्या. त्यात शाळा सुटून आलेली पोरं, दोन निवृत्त खाणकामगार आणि जन्मात संगणकाला हात न लावलेल्या, पण तांदळाचा केक फुकट मिळतो हे ऐकून आलेल्या तीन बायका. सगळ्यांपुढे एकच संकट होतं. ‘वादळी किल्ला’ हा खेळ सोमवारपासून उघडत नव्हता. टिचकी मारली की काळी चौकट यायची, डोळा मिचकावल्यासारखी मिटायची, पुढे काही नाही. मंगळवार उजाडला तरी तेच. आणि या गावात ‘वादळी किल्ला’ उघडत नसेल, तर पीसीबांग उघडून उपयोग नसतो.

“दिवे!” मांत्रिक नामगुंग ओरडला. त्याच्या अंगात एका प्राचीन सेनापतीचा संचार व्हायचा, असं तो स्वतःच सांगायचा. “मुख्य बटण बंद! आत्म्याला अंधार लागतो!”

मावशीनं काउंटरमागचं बटण पाडलं. अंधारात झांज वाजली. कोणीतरी कोणाच्या तरी पायावर पाय दिला. नामगुंग गुरगुरला, “हे खाणीच्या पोटातल्या, हे कोळशाच्या पोरा, वाट सोड! सेनापती आलेत, घोडा वर टॅक्सीस्टँडवर बांधलाय, वेळ कमी आहे!” मग म्हणाला, “बटण!”

यंत्रं घरघरत उठली. एका पोरानं टिचकी मारली आणि पडद्यावर किल्ला उभा राहिला. बुरुज, वादळ, विजा, सगळं जागच्या जागी.

“उघडला! उघडला रे!”

पंधराच्या पंधरा पडद्यांवर विजा कडाडल्या. बायकांनी हात जोडले. लोकांनी डुकराच्या तोंडात दक्षिणेच्या नोटा कोंबल्या आणि त्याचं समाधान आणखी वाढलेलं दिसलं. तेवढ्यात नामगुंगच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो न बघताच बंद केला.

“सेनापती बोलावतायत,” म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढत निघून गेला.

तीन मिनिटांनी चौदा पडदे एकदम काळे झाले.

पंधरावा चालूच राहिला. तो होता तेरा नंबरचा, कोपऱ्यातला, दुकानातला सगळ्यांत म्हातारा संगणक. एरवी त्याच्यावर कोणी खेळत नसे. त्याच्यासमोर मावशीची भाची हेरिम तांदळाचा केक खात बसली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. हेरिमनं घास गिळला.

“मी काही केलं नाही,” ती म्हणाली. नंतर चार दिवस तिला वाटत राहिलं की हे वाक्य फारच गुन्हेगारासारखं होतं.

टॅक्सीतून परत बोलावलेल्या नामगुंगनं तिला आपादमस्तक न्याहाळलं.

“जन्म कोणत्या प्राण्याच्या वर्षाचा?”

“वाघाच्या.”

“अस्सं!” तो गर्दीकडे वळला. “वाघीण! वाघिणीसमोर आत्मा दबतो. आणि हा आत्मा कोणाचा, ते मालकीणबाईंना ठाऊक आहे.” मावशी काउंटरला धरून उभी होती. “चौदा वर्षांपूर्वी खाली खाणीत छत कोसळलं. तुमचे यजमान अडकले. किती मिनिटं चालले आत्ता हे खेळ? दहा! त्यांच्याकडे दहाच मिनिटांची हवा होती. दहा मिनिटं ते तुम्हाला हाका मारत होते.”

“काय करू, गुरुजी?” मावशीनं विचारलं.

अर्ध्या तासात तेरा नंबरच्या खुर्चीभोवती डावीकडे पीळ दिलेली गवताची दोरी बांधली गेली. शनिवारी दुपारी तीनला महापूजा. तोवर आणि त्यानंतर शंभर दिवस वाघिणीनं दोरीबाहेर जायचं नाही.

“आणि लघवीला?” हेरिमनं विचारलं.

सेनापतींना हा प्रश्न अपेक्षित नसावा. थोडा विचार करून त्यांनी निकाल दिला, “तेवढा वेळ दुसरा वाघ बसवा.”

दुसरा वाघ मिळाला तो प्यो आजोबांच्या रूपानं. वय चौऱ्याहत्तर, जन्म वाघाच्याच वर्षाचा, मावशीच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्याच खाणीत काम केलेले, आता रोज दुपारी पाच नंबरवर पत्ते खेळायला येणारे. हेरिमनं हात वर केला की ते कण्हत उठायचे, दोरीखालून वाकून यायचे आणि खुर्चीत बसायचे.

“लवकर ये ग, वाघीण. माझा डाव तिकडे अर्धा राहिलाय.”

“तुम्हाला खरं वाटतं का हो हे, आजोबा?”

“मला गुडघे दुखतात एवढंच खरं वाटतं.”

गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण हेरिमच्या पिशवीत उल्सानच्या जहाज कारखान्याचं पत्र होतं. क्रेन चालवण्याचं प्रशिक्षण. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं, नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला. रविवारच्या गाडीचं तिकीट त्याच पत्राला टाचलेलं. आठव्या वर्षापासून ती या तळघरात रामेन उकळत, दुसऱ्यांच्या पडद्यांवरचं आकाश बघत वाढली होती. क्रेनची खोली जमिनीपासून शंभर मीटर वर असते, हे वाचल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

दोरी कापायला दोन सेकंद लागले असते. पण दोरीच्या पलीकडे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, मावशी बसलेली असायची. तिनं हेरिमला वाढवलं होतं. जेवण तीच आणून द्यायची, दोरीवरून, दोन्ही हातांनी. आणि दुकान रिकामं झालं की चौदा काळ्या पडद्यांशी हळू आवाजात बोलायची.

“ऐकू येत होतं का हो मला? मी तेव्हा बाजारात होते. मुळा घेत होते.”

हे ऐकल्यावर हेरिमचा हात कात्रीकडे जात नसे.

बुधवारी तिनं उघड्या डोळ्यांनी भिंत बघितली. गुरुवारी भिंत संपली, म्हणून तिनं संगणक बघायला सुरुवात केली. तेरा नंबरच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक चिन्ह लुकलुकत होतं: ढालीचं. ‘ढाल’ म्हणजे दुकानातल्या सगळ्या यंत्रांवर असलेला विषाणूरोधक. तेरा नंबरच्या ढालीची वर्गणी दोन वर्षांपूर्वीच संपली होती आणि ती तेव्हापासून ‘एक महिना फुकट वापरून पाहा’ असं विनवत होती. म्हणजे या ढालीला दोन वर्षांत नवं काही कळलेलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं जगात नवा विषाणूच नव्हता. सुखी प्राणी.

मग बाकीच्यांना काय कळलं होतं?

तिनं हात वर केला. प्यो आजोबा आले. ती लघवीला गेली नाही. बारा नंबरसमोर वाकून तिनं तिथली ढाल उघडली. आत एकच नोंद होती. आजची: ‘नऊ वाजून दहा मिनिटं. वादळी किल्ला: विषाणू. अडवला.’ मावशी रोज बरोबर नऊला मुख्य बटण टाकायची आणि पहिल्या दहा मिनिटांत दुकानात कधीच कोणी नसायचं.

पीसीबांगच्या यंत्रांना आठवण नसते. बंद करून चालू केली की ती मालकानं जपून ठेवलेल्या अवस्थेत उठतात, खेळ शाबूत. मग दहा मिनिटं थांबून ढाल आपल्या कंपनीकडून विषाणूंची ताजी यादी आणते आणि यादीत ज्याचं नाव असेल त्याच्या मुसक्या बांधते. सोमवारच्या यादीत बिचाऱ्या किल्ल्याचं नाव होतं. फक्त तेरा नंबर म्हातारा. त्याला ना ते विस्मरण बसवलेलं, ना ताजी यादी मिळत होती.

पण ढाल ओरडली कशी नाही? त्याचंही उत्तर तिथंच होतं. ‘सूचना दाखवू नका’ या चौकटीत खूण होती. पोरं तक्रार करायची, ऐन लढाईत मध्येच पाटी येते म्हणून. मावशीनं सहा वर्षांपूर्वी सगळ्या ढालींची तोंडं बंद केली होती. यंत्रांची बटणंही तिनं टेप लावून झाकली होती, पोरं गुडघ्यानं दाबतात म्हणून. त्यामुळे खेळ अडला तरी एखादं यंत्र बंद-चालू करून बघायला कोणी धजलं नव्हतं.

हेरिम तेराकडे परतली. तेराला मात्र सगळं आठवत होतं. सोमवारी संध्याकाळी नामगुंगनं सगळ्यांना बाहेर काढून या यंत्राची ‘नाडी’ पाहिली होती. त्यानं कुठली पानं उघडली, ते यंत्रानं नीट जपून ठेवलं होतं. शेवटचं पान ढालीच्या कंपनीचं: ‘आमच्या चुकीमुळे वादळी किल्ला विषाणू म्हणून नोंदला गेला आहे. क्षमस्व. दुरुस्त यादी शनिवारी दुपारी तीन वाजता येईल. तोवर खेळ विश्वासू यादीत घालावा.’

शनिवारी. दुपारी. तीन.

तीनला तो झांज वाजवणार, तीनला यादी येणार, खेळ कायमचे उघडणार आणि त्यानंतर तिनं काहीही सांगितलं तरी ती शंभर दिवस या खुर्चीत.

“मावशी, ऐक. ढालीमुळे होतंय हे. चूक आहे ती.”

“ढाल? ती आपलं रक्षण करते,” मावशी पायरीवरूनच म्हणाली. “गुरुजी म्हणालेच होते, तू यंत्राची भाषा बोलायला लागशील म्हणून. काका बोलतायत का ग? काय म्हणतायत?”

शनिवारी दोन वाजताच तळघर भरलं. आणखी एक मुंडकं आलं होतं, हे जरा कमी हसरं. नामगुंग घड्याळाकडे बघत केक खात होता. हेरिम खुर्चीवर उभी राहिली.

“तीन कशाला वाजायला हवेत?” ती मोठ्यांदा म्हणाली. “माझ्याही अंगात आलंय. सेनापतीच्या वरचं कोणीतरी आहे. मी आता तेरा नंबर बंद पाडते आणि बारा नंबर चालू करते.”

“खाली बस, पोरी!” नामगुंग म्हणाला. “वाघीण बसलीय तोवर तेरा बंद पडूच शकत नाही!”

“हे सगळ्यांनी ऐकलं ना?”

“ऐकलं!” पोरं ओरडली. त्यांना पूजेपेक्षा भांडण आवडतं.

हेरिम खाली बसली आणि दोन वर्षं विनवणाऱ्या ढालीचं एकदाचं ऐकलं. ‘एक महिना फुकट’. ढालीनं त्याच क्षणी, हावरटासारखी, ताजी यादी ओढून घेतली. पडद्यावर किल्ला होता, वादळ होतं, विजा होत्या. मग काळोख. वाघीण खुर्चीतच होती.

हेरिम दोरीखालून वाकून बाहेर आली, बारा नंबरवर गेली, किल्ल्याचं नाव विश्वासू यादीत घातलं. टिचकी. बुरुज उभे राहिले. मग अकरा. मग दहा. नऊ नंबरवर बसलेल्या पोराला तिनं म्हटलं, “आता तू कर. मंत्र नाही, चार टिचक्या आहेत.” त्यानं केलं. उघडला. त्याचा जन्म मेंढीच्या वर्षाचा होता.

“योगायोग!” नामगुंग ओरडला. “आत्मा खेळवतोय तुम्हाला!”

“आत्मा नाही, यादी,” हेरिम म्हणाली आणि तेरा नंबरवर त्याचं शेवटचं पान उघडून पडदा गर्दीकडे फिरवला. “सोमवारी तुम्हीच वाचलंत. वेळ बघा. तुम्ही एकटे होता खोलीत. यंत्र उठल्यावर यादी यायला दहा मिनिटं लागतात, म्हणून तुमचे सेनापती सातव्या मिनिटाला फोन करतात.”

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं आज पूजेआधीच गजर लावला होता, घाईत वेळ चुकला असावा. प्यो आजोबांनी हात घालून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला आणि वाचलं, “गजर. निघा.”

“उचला की,” एक बाई म्हणाली. “सेनापतींना ताटकळत ठेवू नये.”

नामगुंग जिना चढला तेव्हा त्याच्यामागे पोरांनी झांज वाजवली. अगदी तालात.

हसणं विरलं तशी मावशी काउंटरमागून पुढे आली. तिचा चेहरा आनंदी नव्हता.

“म्हणजे ते नव्हतेच,” ती म्हणाली.

चार दिवस हेरिमनं यंत्र उकललं होतं, हे उकलायला ती विसरली होती.

“आणि ती दहा मिनिटं?” मावशीनं विचारलं. “हवा होती, हाका मारत होते, ते?”

प्यो आजोबांनी पाच नंबरची खुर्ची मावशीकडे वळवली.

“दहा मिनिटं नव्हती, वहिनी,” ते म्हणाले. “मी दोन हात अंतरावर होतो. तो मला विचारत होता, आज घरी मुळ्याचं सूप आहे का. मी हो म्हणालो आणि छत आलं. त्याला हाक मारायला वेळच मिळाला नाही. चौदा वर्षं सांगायचं राहिलं. तुम्ही विचारलं नाहीत आणि मला वाटलं, न बोललेलंच बरं.”

मावशीनं किमची कापायची कात्री उचलली, तेरा नंबरकडे गेली आणि गवताची दोरी कापली. घट्ट पिळाची होती, तीनदा चावावी लागली कात्रीला.

“गाडी उद्या किती वाजता आहे?” तिनं पाठमोरीच विचारलं.

तीन वाजता दुरुस्त यादी आली. तेव्हा कोणी झांज वाजवली नाही आणि तरीही राहिलेले सगळे पडदे उजळले. मावशी एकेका यंत्रासमोर बसली आणि एकेका ढालीच्या तोंडावरची पट्टी काढली. ‘सूचना दाखवा’. आणि तीच अवस्था कायमची जपून ठेवली. आली पाटी तर आली, पोरांनी ओरडावं.

“बोलत होती बिचारी रोज,” ती म्हणाली. “आपणच गप्प बसवलं होतं.”

रविवारी सकाळी हेरिम बॅग घेऊन जिना चढली तेव्हा दारावर मावशीच्या अक्षरातली नवी पाटी होती. ती अजूनही तिथं आहे. कोणीही जाऊन वाचावी, आणि शक्य असेल तर आपापल्या दारावरही लावावी:

‘खेळ उघडत नसेल तर आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. समजलं नाही तर विचारा. विचारल्याशिवाय मुंडकं आणू नका. आणि मेलेल्या माणसांना यात ओढू नका, ती दमलेली असतात.’