ऐंशी टक्के

"मेलो," पप्पा म्हणाले. मग लगेच, "परत मेलो."

रविवारची दुपार होती. बेलवलीच्या आमच्या घरात जेवणं उरकली होती आणि टीव्हीच्या पडद्यावर एक इवलासा कोल्हा करवतीच्या फिरत्या पात्यांवरून उड्या मारत होता.

"रोज काय मरण काढता घरात," आई आतून म्हणाली.

"मरण कुठंय यात, यशोधरा? चुकलं की हा गेम शिव्या न देता त्याच खोलीत परत उभं करतो. असा फोरमन मला जन्मात भेटला नाय."

पप्पांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पत्रा ठोकून आकार देणारी प्रेस चालवली आणि दहाही बोटं शाबूत घेऊन ते रिटायर झाले. प्रेसवरच्या माणसाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नसते. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच ठोका पडतो, म्हणजे हात साच्याखाली राहत नाही. घाईत माणसं एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात आणि एका हातानं काम उरकतात. पप्पांनी कधी पाचर लावली नाही. दुसऱ्याच्या मशीनला दिसली तर शिफ्टआधी काढून फेकायचे आणि वर त्याच्या शिव्या खायचे.

फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या हातावरून वारं गेलं. हात परत आला, पण दर वेळी जरा उशिरा यायचा. डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या, गाडीचं नंतर बघू. म्हणून मी माझा जुना गेम त्यांना लावून दिला. गेम भलताच अवघड होता. कॉलेजात असताना मी त्याच्यापुढे रडले होते. त्यात सोयीही होत्या. वेग कमी करता यायचा, जास्तीचे प्राण घेता यायचे, पातं लागलं तरी मरायचं नाही असंही करता यायचं. पप्पांनी ती यादी माझ्याकडून एकदाच वाचून घेतली.

"हे सगळं बंद ठेव. मला माझा हात बघायचाय."

सव्विसाव्या खोलीत, त्या पात्यांपाशी, ते दीड महिना अडकले. दिवसाला दोनशेदा मरायचे. हळूहळू त्यांनी बोलणं सोडलं. मेल्यावर नुसते हाताकडे बघत बसायचे. मला ते बघवेना. एकदा ते अंघोळीला गेले असताना मी गेमचा वेग पंचाण्णव टक्क्यांवर आणला. काही दिवसांनी नव्वदवर. त्यांच्या लक्षात आलं नाही. हात सुधारतोय, असं ते आईला सांगू लागले. मग ऐंशी.

त्या रविवारी चारच्या सुमारास कोल्हा पलीकडे पोचला. पप्पांनी त्याला मागे आणलं आणि ती खोली पुन्हा पार केली. सलग पाच वेळा. मग उठले आणि आईला म्हणाले, "चावी दे."

"कसली?"

"स्कूटरची. बोललो होतो ना तुला, ही खोली पाचदा सलग गेली की गाडी काढणार. उद्या हरिचंद्राकडे जाऊन येतो. आठ महिने झाले, फोनवर डोकं खातोय माझं."

आईनं चावी काढून दिली. या अटीबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"पुढच्या रविवारी जा ना पप्पा. मी मागे बसते."

"कशाला? अंदाजानं नाय करत मी काही, मैत्रू." त्यांनी उजवी मूठ माझ्यासमोर धरली, उघडली, झटकन मिटली. "बघ. येतो का नाय वेळेवर?"

"येतो," मी म्हणाले.

सोमवारी साडेदहाला अंबरनाथच्या रस्त्यावर वळणावर एक टेम्पो आडवा आला. पाहणारे म्हणाले, त्यांनी ब्रेक दाबला होता, पण उशिरा.

पप्पांच्या जलदानविधीला हॉल भरला होता. वंदना झाल्यावर एकेक जण आदरांजलीसाठी उठू लागला. आई पुढच्या रांगेत बसली होती. येईल त्याला ती आठवडाभर एकच सांगत होती, चावी मीच दिली.

हरिचंद्रकाका माईकपाशी आले. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत.

"मिलिंद माझ्या मशीनची पाचर रोज काढून फेकायचा," ते म्हणाले. "मी रोज त्याला शिव्या घालायचो. तो सुट्टीवर गेला, त्याच दिवशी माझी बोटं गेली. असा माणूस. पण शेवटी हट्ट नडला त्याला. हात बरा नव्हता, तरी गाडी काढली. काय घाई होती त्याला, सांगा?"

हॉलमध्ये माना हलल्या. आईनं पदर तोंडाला लावला.

मग माझं नाव पुकारलं गेलं. रात्रभर बसून लिहिलेला कागद हातात होता. मी तो उघडला नाही.

"पप्पांनी हट्ट केला नाही," मी म्हणाले. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "त्यांनी हात तपासला होता. नीट, पाच वेळा तपासला होता. गेमचा वेग मी कमी करून ठेवला होता, त्यांना न सांगता. चावी मागितली तेव्हा मी तिथंच होते. तेव्हाही बोलले नाही."