कासराभर दिवस

आप्पांनी तिसऱ्यांदा मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, तेव्हा अनुराधाने क्लच दाबून पाचवा गियर टाकला. गियर खर्र करून पडला. आठ वर्षं दुसऱ्याच्या हातात वाढलेली गाडी; नव्या मालकिणीच्या सवयी तिला अजून कळायच्या होत्या.

"किती झाले?" रस्त्यावरची नजर न काढता अनुराधाने विचारलं.

"पाच पस्तीस."

"पोचतोय की आपण, आप्पा."

आप्पांनी मांडीवरचा रिकामा डबा जरा सरळ करून ठेवला.

धनपाल आप्पा तिचे सासरे. वय बहात्तर, आणि त्यातली चाळीस वर्षं एका नेमाची. दिवस मावळायच्या आत जेवायचं, ते घरात, एकदाच बसून. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. या जेवणाला जैन घरांत अंथऊ म्हणत आणि अंथऊच्या वेळेवर त्यांच्या बोरगावच्या घराचं सगळं चाले. मार्चचा पहिला आठवडा होता. सूर्यास्त सहा अडतीसला, हे आप्पांनी सकाळी निघतानाच भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून ठेवलं होतं. आप्पांचा स्वभाव मऊ, पण नेमाला पळवाट म्हणून ठेवलेली नव्हती. गेल्या महिन्यात एका लग्नात उशीर होऊन जेवण चुकलं आणि पहाटे न्हाणीच्या दारात ते चक्कर येऊन पडले. कपाळावरची खोक अजून पुरती भरली नव्हती. शिवाय सासूबाई, प्रेमला, नवऱ्याआधी घास घेत नसत. म्हणजे एक गाडी उशिरा पोचली की दोन म्हातारी माणसं उपाशी झोपणार.

आणि आजचा उशीर अनुराधाने स्वतःच्या हाताने केला होता.

बेळगावात उद्यमबागेच्या अलीकडे जुन्या गाड्यांचं आवार होतं. तिथला विक्रम नावाचा दलाल गोड बोलायचा. गाडी धुऊनपुसून उभी, टायर तर काळं पॉलिश चोळून असे चमकवलेले की नवरदेवाचे बूट बरे. पण अनुराधाचा नवरा वृषभ, त्याने तिला घरून पढवून पाठवलं होतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ती सगळ्यांदेखत जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि ओढणीने पॉलिश पुसून आकडे वाचले. मागचे दोन टायर गाडीपेक्षा वयाने मोठे निघाले.

"मॅडम, लई पळालेलं न्हाईत ते," विक्रम म्हणाला.

"मग तुमच्या गाडीला बसवा की. मला नवं पाहिजेत."

त्याने तोंड वाकडं केलं, पण माणूस पाठवला. टायर यायला आणि बसायला दीड तास गेला. तेवढा वेळ आप्पा आवारातल्या कडुलिंबाखाली बसून होते. निघताना तिने विचारलं होतं, केळी तरी घेऊ का चार? ते म्हणाले, घरात जाऊन जेवू की. निघायला पाच वाजून गेले होते.

टोलनाका मागे पडला तशी ती मोजू लागली. निपाणीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुतीरावांनी तिला तीन महिने एकच गोष्ट घोकून घेतली होती. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागायचं; तीन म्हणेपर्यंत आपण त्या खांबाजवळ पोचता कामा नये. पोचलो तर आपण फार जवळ आहोत. लायसन हातात येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते आणि हायवेवर एवढी लांब ती पहिल्यांदाच चालवत होती. मघापर्यंत तिचे तीन आकडे नीट पुरे होत होते. आता दोनवरच खांब यायला लागला.

संकेश्वर मागे टाकलं तेव्हा आप्पांच्या खिशातला फोन वाजला. आप्पा फोन स्पीकरवरच लावत, कानाला धरला की ऐकू येत नाही म्हणून.

"कुटं आलासा?" प्रेमलाबाईंचा आवाज आला. "ताट मांडू?"

"संकेश्वर सोडलं. मांड."

"भाकरी गरम हाय. वृषभ कवाधरनं दारात बसलाय, गाडी बघायची म्हणून."

फोन बंद झाला. आप्पांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. सहाला पाच कमी होते. निपाणी अजून पंचवीस किलोमीटर, त्यापुढे बोरगाव.

"बघ जमतंय का," ते हळूच म्हणाले.

त्यात रागाचा लवलेश नव्हता, उलट मागायला संकोचलेल्या माणसाचा आवाज होता. त्यामुळेच अनुराधाचा पाय आणखी खाली गेला. काटा नव्वदच्या पुढे सरकला आणि स्टेअरिंग बारीक थरथरायला लागलं. तिने दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं.

दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर वृषभची गाडी उलटली होती. मांडीत सळई घालावी लागली. आता तो घरातल्या घरात काठीने फिरतो, पण गाडी चालवणं संपलं, आणि एसटीत बसून व्यायामाच्या डॉक्टरकडे जाणंही होत नाही. म्हणून तर तिने शिकायचं ठरवलं, म्हणून ही गाडी. घरात त्या अपघाताचं एकच कारण सांगितलं जाई, टायर फुटला. कोणी विचारायला आलं की आप्पाच सांगत, टायर फुटला. खोटं नव्हतं ते. पण दवाखान्यात वृषभचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिला होता आणि त्यात शेवटचे दोन फोन तिने पाहिले होते. दोन्ही आप्पांचे. पहिला सहा बाराला, दुसरा सहा एकोणीसला. त्या दिवशी वृषभच्या गाडीतून प्रेमलाबाई येत नव्हत्या की आणखी कोणी. येत होती फक्त जेवणाआधी घ्यायची आप्पांची औषधं. तिने हे कोणाला सांगितलं नाही, वृषभलाही विचारलं नाही. पण तिला आप्पांचा राग आला होता. त्यांच्या ताटात रोज वाढतानाही तो असायचा, आणि आजही तो पुरता गेलेला नव्हता.

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. एक बाजू बंद करून दोन्हीकडची वाहनं एकाच बाजूने सोडली होती. आणि समोर उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस हातभर बाहेर आलेला. काटा पंचविसावर आला. मागून एका ट्रकने हॉर्न द्यायला सुरुवात केली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. आप्पांनी घड्याळ पाहिलं नाही, पण मनगट दुसऱ्या हाताने झाकून घेतलं. ते तिने पाहिलं.

तिने गाडी उजवीकडे काढून डोकावलं. डावीकडून तिरपं ऊन काचेवर पसरलं होतं, त्यात पुढचा रस्ता पांढराफेक दिसत होता. रिकामा वाटला. तिने तिसरा गियर टाकला, पाय दाबला. मागची ट्रॉली सरली. पुढची ट्रॉली अर्धी सरली. आणि त्या पांढऱ्या उजेडातून समोर एक टेंपो उभा राहिल्यासारखा दिसला. तो उभा नव्हता.

मारुतीरावांनी शिकवलेलं सगळं डोक्यातून पुसून गेलं, फक्त पाय तेवढा शहाणा निघाला. तिने ब्रेक दाबला. गाडी किंचित वळवळली, पण मागच्या टायरांनी रस्ता सोडला नाही. ट्रॉल्या डावीकडून सटासट पुढे गेल्या. उसाची टोकं आप्पांच्या खिडकीवर आपटत गेली आणि त्यांच्या बाजूचा आरसा फटकन आत मिटला. मागच्या ट्रकवाल्याने जागा सोडली होती म्हणून ती आत घुसू शकली. टेंपो तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून ओरडत गेला.

ती तशीच गाडी डावीकडच्या मातीत घेऊन गेली. गाडी आचका देऊन बंद पडली.

ट्रकवाला जाताना खिडकीतून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, ते चांगलं नसावं. अनुराधाने हँडब्रेक ओढला. आप्पांनी दारावरची मूठ धरली होती, ती त्यांना सुटता सुटेना. शेवटी दुसऱ्या हाताने त्यांनी एकेक बोट सोडवलं.

"तुला लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय. तुम्हाला?"

"न्हाय."

तिने मागच्या सीटवरची पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. घरून गाळून आणलेलं पाणी, दोन घोट उरलेलं. "पाणी घ्या, आप्पा. आता नीट चालवते. अजून पोचतोय आपण."

आप्पांनी बाटली घेतली. झाकण उघडलं. पण बाटली तोंडाशी गेली नाही.

"त्या दिवशी वृषभला बी म्या असंच म्हटलंतं," ते समोर बघत म्हणाले. "बघ जमतंय का, म्हणून. दोनदा फोन केला."

अनुराधाने स्टेअरिंगवरचा हात काढला. खोटं बोलावंसं तिला वाटलं नाही.

"मला ठाऊक हाय."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान वळवून डावीकडे, उसाच्या फडाकडे पाहिलं. फडावर सूर्य अजून चांगला कासराभर वर होता. लालसुद्धा झाला नव्हता. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, घट्ट पिळून लावलं, आणि बाटली पायाशी ठेवली.

"दिवस बुडाला," ते म्हणाले.

"आप्पा..."

"बुडाला गं. आता घाई न्हाय."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि चष्मा वर सरकवून नंबर दाबला. पलीकडे पहिल्याच घंटेला प्रेमलाबाईंनी उचलला.

"आलासा का निपाणीत?"

"न्हाय. दिवस बुडाला हिकडं. तू जेवून घे."

"कुटं बुडाला? सहा तर वाजल्यात. अवो, गच्चीवर कुरडया काढायला उभी हाय मी, ऊन हाय की अंगावर."

"तुझ्याकडं असंल."

फोनवर नुसतं वारं ऐकू येत राहिलं. चाळीस वर्षं त्या माणसाबरोबर सूर्याचा हिशेब मिनिटामिनिटाने पाळलेली बाई गच्चीवर सूर्यासमोर उभी होती. अनुराधाला वाटलं, आता त्या भांडतील, नाहीतर हसतील तरी.

"पोरगी बरी हाय का?" प्रेमलाबाईंनी विचारलं. आवाज बदलला होता.

"बरी हाय. गाडी चांगली चालीवती."

"बरं." त्या म्हणाल्या, "मी घेते जेवून. वृषभला बी वाढते. सावकाश या."

फोन बंद झाला. उद्या सकाळपर्यंत आप्पांच्या पोटात काही जाणार नव्हतं, पाणीही नाही, आणि कपाळावर ती खोक होती. अनुराधाला रडू आलं आणि ती थोडी रडली. आप्पांनी रडू दिलं. दोन वर्षं ज्या रागाला धरून ती त्यांना जेवायला वाढत आली, तो आता कुठे ठेवावा तिला कळेना.

मग तिने नाक पुसलं. उतरून त्यांच्या बाजूचा मिटलेला आरसा सरळ केला, परत येऊन पट्टा लावला, आप्पांचाही बसलाय ना ते ओढून पाहिलं. गाडी सुरू केली. मागचा रस्ता दोनदा बघितला आणि सगळी वाहनं जाऊ दिली. मगच ती रस्त्यावर आली आणि चाळीसने चालू लागली.

पुढच्या वळणावर ऊन थेट आप्पांच्या तोंडावर आलं. त्यांनी डोळे बारीक केले, पण हात वर केला नाही. रस्ता मोकळा पाहून अनुराधाने डावा हात लांबवला आणि त्यांच्या समोरची, काचेवर ऊन अडवायची फळी खाली ओढली. आप्पांनी कशाला म्हणून विचारलं नाही.