पहिल्या डिस्कची सीनियॉरिटी

केंद्र सरकारच्या एका उपक्रमाचं लखनौच्या हज़रतगंजला ऑफिस होतं. तिथलं युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटर-मशीन रोज सकाळी सरला निंबाळकरची वाट बघत बसायचं. ऑफिसातल्या बाकी कुणाच्या येण्याजाण्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याबाबतीत ते ऑफिसातल्या माणसांसारखंच होतं.

बटण दाबलं की पडद्यावर ‘बूट’ एवढा शब्द उमटायचा आणि शेजारी एक रेघ लुकलुकत राहायची. म्हणजे, बाई, कुठल्या डिस्कवरून उठू ते सांगा. डिस्क दोन होत्या. पहिली जुनी, बारकी, दोन वर्षांपूर्वीच गच्च भरलेली. दुसरी नवी, ऐसपैस. चालू कारभार आणि सगळ्यांचे पगार तिच्यावर. पण काही न सांगता नुसतं एंटर दाबलं किंवा नुसतं थांबलं, की मशीन मुकाट जुनीवरून उठायचं. तसं एका फाइलीत लिहून ठेवलेलं होतं. नवीवरून उठवायचं तर तिचं नाव, पुढे कंस, कंसात आकडा, सगळं बिनचूक टाइप करावं लागे. ते काम सरलाचं. फाइलीतली ती एक ओळ बदलली असती तर हा रोजचा जाच संपला असता. बदलायला दोन मिनिटं पुरली असती. परवानगी द्यायला मात्र सेक्शनचे प्रमुख निगमसाहेब होते.

सरलाची पुण्याला बदली झाली होती. नवरा नंदकुमार बँकेत. तो आधीच बदलून पुण्याला गेलेला, मुलगी ऋता त्याच्यासोबत. ऋता लखनौत वाढलेली, मराठी समजायचं पण तोंडातून हिंदीच यायची. नव्या शाळेत पोरी तिला ‘ए भैया’ म्हणून हाक मारत आणि ती घरी येऊन न जेवता झोपायची. बदलीची ऑर्डर महिनाअखेरीपर्यंतच चालणार होती. तोवर निगमसाहेबांनी सोडलं नाही तर रद्द.

“आप चली जाएँगी तो मशीन कौन उठाएगा?” निगमसाहेब म्हणाले.

“एक लाइन बदल दूँ सर, तो अपने आप उठेगी. दूसरी डिस्क से.”

“पहली के रहते?”

“पहली भर चुकी है सर.”

“भर तो हम भी चुके हैं, सरलाजी.” साहेबांनी चष्मा पुसला. “जूनियर को सीनियर के ऊपर बिठाना, इसे सुपरसेशन कहते हैं. मेरे सेक्शन में नहीं होगा.”

हे ते थट्टेत म्हणत नव्हते. थट्टा करायला माणूस थोडा तरी सुखी लागतो. बाजपेयी नावाचा त्यांच्या हाताखालचा माणूस गेल्या वर्षी त्यांच्या डोक्यावरून वर गेला होता. आता तो वरच्या मजल्यावर बसून निगमसाहेबांच्या रजेच्या अर्जांवर सह्या करायचा. बाजपेयीला हात लावता येत नव्हता, म्हणून साहेब डिस्कला न्याय देत होते. सरकारी ऑफिसात माणसाची जळजळ अशीच खाली झिरपते, आणि सगळ्यात खाली असते ती कुणाची तरी बायको नाहीतर आई.

सरलाने मग जयसिंगला शिकवायला घेतलं. जयसिंग पेन्शनला टेकलेला ऑपरेटर. एव्हाना ऑफिसात सगळ्यांनाच तिची मराठी-हिंदी सरमिसळ समजायची.

“दीदी, ये ब्रैकेट आगे कि पीछे?”

“आधी नाव. मग कंस. मग आकडा. मग कंस बंद.”

“इतने में तो हम चौक जाकर कुलचा-निहारी खाकर लौट आएँ.”

एका सकाळी सरलाला यायला उशीर झाला. जयसिंगने मोठ्या धीराने मशीन चालू केलं, कंस शोधता शोधता त्याचं बोट एंटरवर पडलं, आणि मशीन जुनीवरून उठलं. त्याला वाटलं जमलं. त्याने पगारपत्रक छापायला लावलं.

दोन वर्षांपूर्वीचं पत्रक निघालं. रिटायर झालेले तिवारी पुन्हा नोकरीवर हजर होते. गेल्या थंडीत ज्यांना दफन केलं त्या रिज़वीसाहेबांना घरभाडेभत्ता लागला होता. कागद थेट निगमसाहेबांच्या टेबलावर गेला आणि सरलाला बोलावणं आलं. आता रिलीव्ह होणं तर गेलंच, वर मेमो मिळणार, असं समजून ती आत गेली.

साहेब ओरडले नाहीत. त्यांचं बोट कागदावर एका जागी होतं. निगम, सीनियर मॅनेजर. आणि त्यांच्या खाली, दोन नावं सोडून, बाजपेयी.

“ये काग़ज़ यहीं रहने दीजिए,” ते हळूच म्हणाले.

सरलाला सगळं समजलं, आणि दया यायच्या आधी संताप आला. ह्या माणसाला त्या जुन्या सालात राहायचंय, म्हणून माझी पोर तिकडे उपाशी झोपते. ती सरळ मशीनपाशी गेली. गंमत अशी, की ती ओळ जुन्या डिस्कवरच होती, आणि आज जुनीच उठलेली होती. म्हणजे सीनियरला तिच्याच हाताने जूनियरचं नाव वर लिहायला लावायचं. सरलाने लिहायला लावलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि हात पदराखाली घेतले. रेघ लुकलुकली, थांबली, आणि मशीन नवीवरून उठलं.

“दीदी, किसी ने कुछ दबाया नहीं.”

“नाही दाबलं.”

“फिर उठी कैसे?”

“बिना साहेबांची उठली,” सरला म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

“सर, लाइन बदल दी.”

“किसके ऑर्डर से?”

“कुणाच्याच नाही. सस्पेंड कर दीजिए. पुण्याला गेलेली बाई मशीन उठवत नाही, तशी सस्पेंड झालेलीही उठवत नाही, सर, फरक इतकाच की आता ते आपलं आपण उठतंय.”

साहेबांनी कागदावरचं बोट उचललं.

“पहली को निकाल दिया?”

“नाही. जहाँ थी वहीं है. नाम टाइप कीजिए तो उठ जाएगी. नहीं किया तो नई.”

“नाम क्या है उसका?”

तिने सांगितलं. साहेब खुर्चीतून उठून मशीनपाशी आले. जयसिंग स्टूल सोडून बाजूला झाला. एका बोटाने त्यांनी नाव टाइप केलं, कंस चुकला, मशीनने नकार दिला. दुसऱ्यांदा आकडा चुकला. तिसऱ्यांदा जुनी डिस्क उठली आणि साहेबांनी पगाराची यादी उघडायला सांगितली. सरलाने उघडून दिली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, एक नाव न गाळता. मग खिशातलं पेन काढलं आणि सरलाची बदलीची ऑर्डर मागवली.

सही करताना ते एवढंच म्हणाले, “शनिवार को आधा दिन रहता है. भीड़ नहीं होती. पहली को तब उठा लिया करूँगा.”

“हो सर,” सरला म्हणाली.

खाली गंजातल्या पीसीओवरून तिने पुण्याला फोन लावला. ऋताने उचलला.

“मम्मी, सच में? पिछली बार भी बोला था.”

“सही झालीय. कागद हातात आहे माझ्या.”

“पढ़ के सुनाओ.”

मीटर पळत होता, मागे रांग होती, आणि सरला इंग्रजीतली ती ऑर्डर क्रमांकासकट, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.