एकनाथरावांच्या पानाची पाठ

नारायणगुड्यात अनुराधाताईंच्या खिडकीपाशी पिवळा पडलेला एक जुना स्कॅनर दिसेल. मित्रांनो, तोच मी. माझ्या काचेतून म्हणे परवाचा दिवस दिसायचा. तरुणपणी माझा दिवा लागला की अख्ख्या गल्लीचे पंखे हळू व्हायचे. नाही पटत? जाऊ द्या, पुढचं तरी खरं माना.

अनुराधाताई इथल्या मराठी ब्लॉगमंडळाच्या वार्षिकाच्या संपादक. दर वर्षी प्रत्येक सभासदाकडून एक पान घ्यायचं आणि पुस्तक छापायचं. बाकीचे मेलने पाठवतात. मलकपेठेचे एकनाथराव मात्र हाताने लिहितात, आणि त्यांचं पान त्यांच्याच अक्षरात छापायची मंडळाची रीत आहे. ते माझ्या काचेवर येतं. त्या दिवशी मला शाबासकी मिळते. मग वर्षभर माझ्यावर इस्त्रीचे कपडे.

एकनाथराव कोरा कागद वापरत नाहीत. स्वयंपाकघरातल्या डब्यातून पाठकोरा कागद काढतात, न वाचता उलटतात आणि लिहितात. विषय ठरलेला. वरंगलला वाढलेल्या बायकोचं, पद्मावतीबाईंचं, जाळ अंबाडीचं लोणचं आपण चाळीस वर्षं डोळ्यांत टिपूस न येता कसं खाल्लं, ही फुशारकी.

गेल्या वर्षी पद्मावतीबाई गेल्या. यंदा ते लिहितील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यांनी लिहिलं. पण अनुराधाताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पानं गोळा करायचं काम त्यांच्या मुलीकडे, ऋचाकडे आलं. ऋचा आयटीत आहे. मराठी फाडफाड बोलते, वाचते मात्र बोट ठेवून. तिने पान ठेवलं, मी उचललं, दीडशे प्रती छापून आल्या.

पहिली प्रत न्यायला एकनाथराव आले. आपलं पान उघडून ते खुर्चीत बसले.

"ऋचा, ही पाठ छापलीस गं. हे हिचं अक्षर आहे."

"मोठ्याने वाचा," काळ्या चष्म्यातून अनुराधाताई म्हणाल्या.

अंबाडीच्या लोणच्याची कृती होती. एकनाथरावांनी शेवटची ओळ अडखळत वाचली. "मिरच्या तीस. यांच्या बरणीत चारच. सांगू नये."

"चार मिरच्या, एकनाथराव? आणि आमच्यासमोर मिशीला पीळ देत होतात."

"हौ. मला पण आजच कळतंय."

ऋचाचा चेहरा पडला. "काका, सॉरी. अजून एकही प्रत वाटली नाहीये. तुमचं पान छापून वर चिकटवते, कुणाला कळणार नाही."

ते 'यांच्या' या शब्दावरून बोट फिरवत राहिले.

"नक्को. माझं दर वर्षीचंच आहे. पण खाली नाव माझं पडलंय. पान तिचं आहे, नाव तिचं पाहिजे."

त्यांनी एक चिठ्ठी घेतली. लिहिण्याआधी उलटून पाहिली. मग लिहिलं, पद्मावती. ती मी उचलली, ऋचाने तिच्या दीडशे नकला काढल्या, आणि एकनाथरावांनी प्रत्येक पानावर एकेक डिंकाने चिकटवून अंगठ्याने दाबली.

सगळे म्हणतात, ऋचाचं चुकलं. मित्रांनो, पान मीच उलटलं होतं, पण ते सांगू नये. तुम्ही एवढंच करा. घरातला जुना कागद टाकण्याआधी त्याची पाठ वाचा. आणि माझ्यावरचे कपडे तेवढे उचला. एकनाथरावांचा कागदांचा डबा अजून अर्धा भरलेला आहे.