उंबराच्या पाण्याचा प्रश्न

ज्युलियानाला लहानपणापासून प्रश्न विचारायची खोड. पुरुषाला ही खोड असली तर लोक त्याला हुशार म्हणतात, बाईला असली तर आगाऊ. ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या ख्रिस्ती वाडीत तिला सगळे आगाऊच म्हणत आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. नवरा तापाने गेला तेव्हा पदरात दीड वर्षाची बिट्रिस होती. मिठागरावर उन्हात राबून तिने पोर वाढवली, कुणापुढे हात पसरला नाही. एवढं केल्यावर माणसाने चार प्रश्न विचारले तर बिघडलं कुठे?

आता बिट्रिसचं लग्न ठरलं होतं. दहा-बारा दिवसांनी सोमवारी देवळात लग्न, आणि आदल्या दिवशी, रविवारी दुपारनंतर उंबराचं पाणी. आगगाडीला ठाण्यात येऊन तीसेक वर्षं झाली होती, पण ही रीत आगगाडीच्या किती आधीची ते वाडीत कुणालाच सांगता आलं नसतं. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, काठावर उंबराची फांदी रोवतात, गाणी म्हणत पाणी काढतात आणि त्याच पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. पहिला तांब्या आईचा. आई विधवा असेल तर मात्र तिचा नाही. मग ती चुलीपाशी बसते आणि तिच्या जागी जाऊ नाहीतर मावशी उभी राहते.

ज्युलियानाला नेमकं हेच पचत नव्हतं. अठरा वर्षं या पोरीला तिनेच न्हाऊ घातलं होतं. गोवर आला तेव्हा कोमट पाण्याने अंग पुसलं होतं, मिठागरातून आल्यावर पायांच्या चिरा धुतल्या होत्या. आणि आता घरातून जायच्या वेळचं शेवटचं पाणी जावेने घालायचं? ती थेट मोनीकाबायकडे गेली. मोनीकाबाय म्हणजे वाडीची गाणारीण. तिच्या गळ्याशिवाय वाडीत एक लग्न लागत नसे. ती स्वतः चाळीस वर्षांपासून विधवा. विहिरीपासून दहा हात लांब उभी राहून गायची, पाण्याला कधी बोट लावायची नाही.

"कोनी केली गो ही रीत?" ज्युलियानाने विचारलं.

"देवलाची रीत हाय," मोनीकाबाय म्हणाली. वाडीत चर्चला देऊळच म्हणत. "इधवेच्या हातचा पानी नवरीला लागत नाय."

"पन देवलात असा कुठं लिवलाय?"

"तुला वाचता येतंय का? मंग गप बस."

वाचता येत नव्हतं हे खरं, पण देवळात एक वाचणारा माणूस होता.

पाद्री कायतान गोव्याहून येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. दर रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, झाली की तो देवळाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसे आणि म्हणे, काय अडलं असेल ते विचारा. लोक विचारतही. पण या पाद्रीची एक गंमत होती. एका प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी तो स्वतः तीन प्रश्न विचारत असे. त्यामुळे वाडी त्याच्या नकाराला जितकी भीत नसे तितकी त्याच्या कुतूहलाला भिई.

"त्याच्याम्होरं उंबराचा नाव नको काढू," ज्युलियानाचा दीर सिल्वेस्टर तिला बजावून म्हणाला. "आजवर एकाही पाद्रीला आपुन इचारला नाय, म्हनून एकानंही नको म्हटला नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, वयनी. तुज्या एका तांब्यापायी आख्ख्या वाडीचा उंबर जाल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्युलियाना रात्रभर तळमळली. नाही विचारलं तर तिचा तांब्या जाणार, विचारलं तर कदाचित सगळ्यांचाच. शेवटी तिने एक शक्कल काढली. उंबराचं नावच घ्यायचं नाही. फक्त विधवेचं विचारायचं.

उंबराच्या पाण्याच्या आठवडाभर आधीच्या रविवारी व्हरांड्यात पहिला नंबर पॉलचा लागला. शुक्रवारी मटण खायचं नसतं, मासे चालतात, मग खेकडा चालेल का, असं त्याचं अडलं होतं.

"तो राहतो कुठे?" पाद्रीने विचारलं.

"खाडीत, चिखलात. कधी बांधावर पन येते."

"आणि तू त्याला मासळीच्या टोपलीत टाकतोस की कोंबडीच्या?"

"मासलीच्या."

"खाऊन तुला उपास केल्यासारखं वाटतं का?"

पॉलने खाली मान घातली. खेकड्याचं कालवण समोर आलं की त्याला उपास कधी आठवतच नसे.

"मग चालेल, पण दोनच खा," पाद्री म्हणाला.

मग बर्नाडेट पुढे झाली. शेजारच्या गंगुबाईच्या घरून गणपतीचे मोदक येतात, ते ख्रिस्ती माणसाने खावेत का?

"नाताळाला तू तिला काय पाठवतेस?"

"वडं नि नेवऱ्या."

"ती खाते?"

"सगल्या आधी तीच खाते."

"तिने कधी तिच्या भटजीला विचारलं का?"

सगळे हसले आणि बर्नाडेटला उत्तर मिळालं. तेवढ्यात ज्युलियाना उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता.

"पाद्रीबाबा, इधवा बाईच्या हातचा पानी देवाला चालतं का?"

पाद्री खुर्चीत पुढे सरकला. "कुठलं पाणी? प्यायचं?"

"न्हायाचा."

"न्हाणार कोण?"

"माजी पोर."

"मग तू तिला आजवर न्हाऊ घातलंसच की. आता कोण नको म्हणतं?"

तीन प्रश्न झाले होते. वास्तविक आता उत्तर यायला हवं होतं, पण पाद्रीच्या डोळ्यांत चौथा प्रश्न दिसत होता. मागे सिल्वेस्टर जोरात खोकला. मोनीकाबायने जपमाळ घट्ट धरली. "हे साधं पाणी दिसत नाही," पाद्री म्हणाला. "कसलं आहे?"

खोटं बोलता आलं असतं. पण देवळाच्या व्हरांड्यात, पाद्रीच्या तोंडावर, पोरीच्या लग्नाच्या आठवड्यात खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"उंबराचा," ती म्हणाली.

पाद्रीने उंबर म्हणजे काय, पाणी कुठून, कोण काढतं, फांदी कशाला, सगळं विचारून घेतलं. तिने सगळं सांगितलं. आता काय लपवायचं राहिलं होतं?

"पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही," पाद्री शेवटी म्हणाला. "पुढच्या रविवारी विहिरीवर येतो."

तो आठवडा ज्युलियानाने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. वाडीतल्या बायका तिच्याशी बोलेनात. पापड लाटायला बोलावलं तर कुणाच्या कंबरेत उसण भरली, कुणाकडे पाहुणे आले. बिट्रिसने तर रडून घर डोक्यावर घेतलं. "आये, काकीच्या हातनं घालू दे ना पानी! माजं लगीन हाय, तुजा प्रश्न नाय!" हे मात्र ज्युलियानाला लागलं. आपण पोरीसाठी भांडतोय की आपल्या खोडीसाठी, हा प्रश्न तिने स्वतःलाच विचारला. पोरीच्या डोक्यावर पाणी घालायची ओढ मात्र तसूभरही कमी झाली नाही.

रविवारी दुपारी सिल्वेस्टरने आपली युक्ती केली. वाजंत्रीला घरी बसवलं आणि उंबराची फांदी विहिरीजवळच्या पेंढ्यात खुपसली. पाद्रीला सांगायचं, फांदी-बिंदी जुन्या गोष्टी, आता आम्ही नुसतं पाणी भरतो. बायका नव्या लुगड्यांत, पण पडलेल्या चेहऱ्यांनी काठावर उभ्या राहिल्या. ज्युलियानाला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली आणि मागे थांबली.

पाद्री कायतान झगा सावरत आला. विहिरीत डोकावला, घागरी बघितल्या, सगळ्यांकडे बघितलं.

"फांदी कुठाय?"

सिल्वेस्टर आकाशाकडे बघू लागला. बायका एकमेकींकडे. लपवाछपवीच्या पाण्याने आपली पोर न्हाणार, या विचाराने ज्युलियानाचं डोकं फिरलं. ती तरातरा पेंढ्यापाशी गेली, फांदी उपसली आणि पाद्रीच्या हातात दिली.

"ही घ्या. जे काय बोलायचाय ते हिच्याकडं बघून बोला."

पाद्रीने फांदी उलटसुलट करून पाहिली. पानं चोळून वास घेतला. आणि एकदम हसला. "अरे, ही तर रुमड! गोव्यात उंबराला हेच म्हणतात. माझ्या आजोळी दारातच होती." मग तो काठावर बसला आणि त्याने मोनीकाबायला विचारायला सुरुवात केली. गाण्यात काय असतं? मोनीकाबायने फणकाऱ्यानेच म्हणून दाखवलं. गाण्यात मरियामाय होती, नवरीचा बाप होता, विहीर होती. उंबरच का? कारण तो भर उन्हाळ्यातही हिरवा असतो. एकेका उत्तरासरशी पाद्री मान हलवत होता आणि बायकांच्या जिवात जीव येत होता. त्याला यात कुठे भूत दिसत नव्हतं.

"आमच्याकडे लग्नाच्या आधी नवरीला नारळाचा रस लावतात," तो म्हणाला. "जवळजवळ असंच. मला यात वावगं काही दिसत नाही. उंबर राहू दे."

सिल्वेस्टरने मोठा सुस्कारा टाकला. बायका हसल्या. कुणीतरी वाजंत्रीला बोलवायला पळालंसुद्धा. सगळ्यांचं काम झालं होतं आणि ज्युलियानाचा प्रश्न जागच्या जागी होता.

"पाद्रीबाबा," ती म्हणाली, "तुमच्यात तो रस इधवा बाई लावते का?"

पाद्री बोलायला गेला आणि थांबला. हातातली फांदी त्याने काठावर ठेवली.

"माझ्या बहिणीच्या वेळी आई स्वयंपाकघरात होती," तो हळूच म्हणाला. "बाबा आधीच वारले होते. मी अंगणात होतो. आत जाऊन विचारलं नाही."

"का?"

"माहीत नाही."

"मंग देवलाची रीत काय हाय?"

"देवळात असं काही लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. वरती, बिशपांना पत्र घालून विचारतो. उत्तराला दोन महिने लागतील."

लग्न तर उद्या होतं. पाद्री म्हणतो माहीत नाही, पुस्तक म्हणे गप्प, मग आता कुणाचं ऐकायचं? हळूहळू सगळ्यांच्या नजरा मोनीकाबायकडे वळल्या. चाळीस वर्षं तीच सांगत आली होती की ही देवळाची रीत आहे. आज देऊळ स्वतः चालत विहिरीवर आलं होतं आणि आम्हाला ठाऊक नाही म्हणत होतं.

मोनीकाबाय पाद्रीपुढे येऊन उभी राहिली.

"नाय लिवलेला?"

"मी वाचलेलं नाही, मोनीकाबाई."

"माज्या रोजाच्या लग्नात मी चुलीकडं बसले होते. पोर मागं वलून वलून बघत होती. मी तोंड फिरवला. म्हटला, देवलाची रीत हाय. मला कोनी सांगितला होता ते पन आता आठवत नाय."

रोजा पहिल्या बाळंतपणातच गेली, हे वाडीत प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्युलियानाला वाटलं, आपण उगाच विचारलं. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिला या म्हातारीची पोटातून कणव आली. हिच्यावर आठवडाभर आपण दात खात होतो.

मोनीकाबायने सिल्वेस्टरच्या बायकोच्या हातातून दोर घेतला आणि ज्युलियानाच्या हातात दिला. "काढ," ती म्हणाली. "तुजी पोर हाय."

ज्युलियानाने घागर सोडली. पाणी खोल होतं. दोर हाताला कापत होता, पण मिठागरावरच्या हातांना त्याचं काय? वाजंत्री येऊन पोचली, बायका गाण्याची वाट बघत राहिल्या आणि मोनीकाबायला पहिली ओळच आठवेना. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

घरी येऊन बिट्रिसला अंगणात पाटावर बसवलं. ज्युलियानाने पहिला तांब्या भरला, पोरीच्या डोक्यावर धरला आणि ओतला. बिट्रिसने डोळे मिटून आईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला, लहानपणी धरायची तसा. ज्युलियानाने तांब्या दुसऱ्यांदा भरला आणि मोनीकाबायपुढे केला.

मोनीकाबाय मागे सरली. "माजी पोर तं कवाच गेली गो."

"ठाव हाय," ज्युलियाना म्हणाली. "हिच्यावर घाल."

म्हातारीने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. इतक्या हळू ओतला की बिट्रिसने डोळे उघडून वर पाहिलं.