दोनइंची

धाकटी नणंद सासरी भांडून सामानासकट परत आली, त्याच वर्षी शहराने पाण्याचे दर पुन्हा तपासायला काढले. दोन्हींचा ताप थोरल्या सुनेच्याच डोक्याला. नणंदेला निदान जेवायला वाढून गप्प करता यायचं.

घरामागे त्यांची लाँड्री होती. सून कपडे धुवायची, नवरा गाडीवरून घरोघर पोचवायचा. नळाची जोडणी मात्र सासऱ्यांच्या नावावर. तरुणपणी, सगळी गल्ली अर्ध्या इंचाचा नळ घेत असताना त्यांनी हट्टाने दोन इंचांचा घेतला होता. तेव्हापासून गल्ली त्यांना दोनइंची म्हणायची, आणि ते ऐटीत ओ द्यायचे.

मागच्या टंचाईत पाणीखात्यानेच सांगितलं होतं, पाणी जपून वापरा. लोकांनी जपलं. सुनेनेही विसळलेलं पाणी पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरायची सवय लावून घेतली. सगळ्यांनीच असं केल्यावर खात्याचं उत्पन्न आटलं. पंप, माणसं, दुरुस्त्या यांचा खर्च मात्र होता तिथेच. म्हणून आता पाणी किती वापरलं यापेक्षा नळ किती जाड आहे, यावर दर महिन्याचा आकार बसणार होता. तो बसला की लाँड्रीला कुलूप, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

"म्हणजे जपलं म्हणून दंड," नवरा म्हणाला.

"मग नळ बारीक करून घ्या की," नणंद म्हणाली. "फक्त अण्णांना हाक काय मारायची तेवढं ठरवा. पाऊणइंची?"

सासऱ्यांनी ताट सरकवलं. "माझ्या नळाला हात लावायचा नाही. आधीच पाणी करंगळीएवढं येतंय. खातं दाब कमी सोडतं, दुसरं काय!"

दर मंजूर होण्याआधी सुनावणी होती. ज्याच्या नावावर जोडणी, त्यानेच बोलायचं, तीन मिनिटं, मग घंटी. सुनेने सासऱ्यांकडून एकच वाक्य घोटून घेतलं. जेवढं पाणी, तेवढाच आकार. बाकी काही बोलायचं नाही.

सभागृहात पंखे फिरत होते, पण वारा लागत नव्हता. अध्यक्षबाई सकाळपासून तेच तेच ऐकून डोळे चोळत होत्या. शेजारचा अधिकारी दर वेळी मान हलवून लिहून घेत होता. सासऱ्यांचा नंबर आला. ते उभे राहिले, माईक दोन्ही हातांनी धरला, आणि कोपऱ्यावरच्या लाकडाच्या वखारीला आग लागली होती तिथून त्यांनी सुरुवात केली. बंब यायच्या आत गल्लीने त्यांच्याच नळावर बादल्या कशा भरल्या, किती बायका, किती धूर. सून खालून सदरा ओढत राहिली. घंटी वाजली.

"काका, तुमचं म्हणणं काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"म्हणणं असं काही नाही, बाई. नळ जाड होता, उपयोगी पडला."

कुणी हसलं नाही. दर जसेच्या तसे मंजूर झाले.

बाहेर पायरीवर सासरे बसले. "वाक्य राहिलं का गं?"

"राहिलं, मामंजी. चपला घाला."

तिला चिडायचं होतं, पण अंगात तेवढंही त्राण नव्हतं. बसमध्ये दोघं खिडकीबाहेर बघत बसली. घराजवळ आल्यावर सासरे म्हणाले, "लाँड्रीच बंद झाली तर तो नळ काय मला चाटायचाय? प्लंबरला सांग."

प्लंबर आला, त्या सकाळी सासरे खुर्ची टाकून खड्ड्याच्या कडेला बसले. जुना नळ कापून वर आला. प्लंबरने तो उजेडात धरला आणि शीळ घातली. आत क्षार आणि गंज यांचा थर इतका साचला होता, की मधल्या भोकातून जेमतेम बोट गेलं असतं.

"अण्णा, हा कुठला दोन इंची? कित्येक वर्षं ह्यातून अर्ध्या इंचाचंसुद्धा पाणी येत नसेल."

सासऱ्यांनी नळ मांडीवर घेतला, बोट घालून पाहिलं. "आणि मी खात्याला शिव्या घालत होतो," ते म्हणाले. मग नणंदेकडे वळले. "पाऊण म्हणालीस ना? त्याहून बारीक निघालो, बाई."

पहिल्यांदा तीच हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. सासऱ्यांनी तिला रडू दिलं.

नवा नळ अर्ध्या इंचाचा बसला. पाणी आधीपेक्षा जोरात आलं. आकार कमी झाला, लाँड्री तगली. तगली म्हणजे एवढंच, की सुनेचे हात पाण्यातून निघाले नाहीत. गल्लीने हाक बदलली नाही. जुना तुकडा सासऱ्यांनी दाराशी उभा करून ठेवला आणि आल्यागेल्याला आतून दाखवायला लागले.

नणंद पुढे आपणहून सासरी गेली. दोनइंची त्याच वर्षी, थंडी सरता सरता, सकाळचं पाणी यायच्या सुमारास झोपेतच वारले.