नारिंगी दिवा

सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. टेबलाखालच्या डब्यातला पंखा घरघरला, पण मॉनिटर काळाच राहिला. माझ्याच हातून काहीतरी झालं असणार, असं मी लगेच धरून चाललो. आदल्या दिवशी टेबल पुसलं तेव्हा फडका जरा जास्तच ओला होता.

आत माझ्या गुरुजींचं चरित्र होतं. बारापैकी अकरा प्रकरणं, सहा वर्षांचं काम. त्या माणसावर दुसरं कोणी लिहिणार नव्हतं. मी आधी हाताने लिहीत असे, मग टाइप करत असे आणि टाइप झालेला कागद फाडून टाकत असे. कागद राहिला तर मी त्यात खाडाखोड करत बसतो, पुढे सरकतच नाही.

"बाबा, मॉनिटर गेला," मुलगा दारातूनच म्हणाला. "जुनाच होता. आणि तुम्ही काही खोलत बसू नका हं, शॉक लागेल."

"डोळ्यांना तेवढाच आराम," हिने आतून भर घातली.

तीन आठवडे मी त्या मॉनिटरची मनधरणी केली. वायरी काढल्या, पुन्हा घट्ट लावल्या. दुसऱ्या सॉकेटमध्ये घालून पाहिलं. उजेड वाढवायचं बटण दाबून दाबून बोट दुखलं. कोपऱ्यातला नारिंगी दिवा तेवढा लागे. शेवटी मॉनिटर चादरीत गुंडाळून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दोनदा दुकानावरून पुढे निघून गेलो, तिसऱ्यांदा आत शिरलो.

"काका, बाळंतिणीचं पोर आणल्यासारखं काय धरलंय? ठेवा की!" त्याने आपली वायर जोडली आणि पडद्यावर लख्ख चित्र आलं. "हा तर ठणठणीत आहे. नारिंगी दिवा म्हणजे हा जागा आहे, पण त्याला कोणी काही पाठवत नाही. डबा उघडून बघा. मेमरीची हिरवी पट्टी सैल झाली असेल, ती दाबून बसवा."

"मला जमेल?"

"न जमायला काय झालं? स्क्रू पिळायचाय, विमान नाही उडवायचं."

घरी येताना मी बाराव्या प्रकरणाचं पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं. प्लग काढून डबा पुढे ओढला. बाजूच्या पत्र्याला स्क्रू नव्हतेच. पत्रा नुसता हाताला आला. हिरवी पट्टी सैल झाली नव्हती, ती तिथे नव्हतीच. खाली डिस्कची जागाही रिकामी होती. धुळीत बोटांचे ठसे होते.

संध्याकाळी दुरुस्तीवाला काय म्हणाला ते सांगून मुलाला विचारलं.

"अहो बाबा, माझं मशीन ऑफिसच्या कामात सारखं अडकत होतं. तुमची मेमरी आणि डिस्क बरी होती, म्हणून काढली."

"डिस्कवरचं?"

"पुसलं. चार पत्रं असतील, असं वाटलं." मग माझा चेहरा बघून तो म्हणाला, "तुम्ही कधी सांगितलंत का, काय लिहिताय ते?"

खरंच सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं की मी "असंच काहीतरी" म्हणत असे.

"मग मॉनिटर गेला, असं का म्हणालास?"

त्याने आईकडे पाहिलं.

"मीच म्हटलं त्याला, उगाच सांगू नकोस," ही म्हणाली. "महिनाभर तोंड पाडून बसला असतात. आणि काय हो, त्याने विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असतात का?"

मी प्रामाणिकपणे विचार केला.

"नसतो म्हणालो."

"मग!" ती म्हणाली.

मुलगा सुटल्यासारखा हसला. चादरीतल्या मॉनिटरकडे त्याची नजर गेली. "हा चालतोय म्हणाला ना दुरुस्तीवाला? मग मीच नेतो. दोन स्क्रीन असले की काम पटपट होतं."

मी वायर नीट गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.